ताव न दिलेला दांडा

साखर कारखाना वसाहत, राहात्याजवळ
९ नोव्हेंबर १९४३

कमरूभाईला सहादेवचा रामराम.

हुन्नरशाळा सोडून आपल्याला अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत ईद-दिवाळीला खुशालीची कार्डं लिहिली, कामाचं पत्र हे पहिलंच. अडलोय म्हणून लिहितोय.

गेल्या गुरुवारी आमच्या यारीचा दांडा तुटला. यारी तू पाहिलेली नाहीस. बैलगाडीतली उसाची मोळी साखळीनं उचलायची, आडवी न्यायची आणि खाली गव्हाणीत सोडायची, की ऊस सरळ चरकात. एकेक मोळी पंधरा-वीस मणांची. ती साखळी ज्या ढोलावर गुंडाळते त्या ढोलाचा हा दांडा. विलायती होता, चौदा वर्षं चालला. आता लढाईमुळं तिकडून दुसरा येणं शक्य नाही. गळीत नुकतंच सुरू झालंय आणि माणसं खांद्यावर मोळ्या वाहतायत.

आमचे हेडफिटर श्रीमंतराव म्हणतात, स्टोअरात साडेतीन इंची सळई पडलीय तीच कातून घेऊ. थंड ओढलेली सळई हाय, आरशासारखी चकाकते, रेषेत सरळ. नकाशावर मात्र लिहिलंय की दांडा पावणेतीन इंची आणि मिश्र पोलादाचा हवा, ताव देऊन कडक केलेला. श्रीमंतराव म्हणतात, "नकाशा काढणाऱ्या साहेबाला लढाई ठाऊक नव्हती. उद्या कातू, परवा बसवू."

माझं मन घेत नाही. पण का घेत नाही ते मला त्यांच्यापुढं मांडता येईना. दानियल मास्तरांच्या तासाला तू लिहून घ्यायचास आणि मी खिडकीतून बाहेर बघायचो, त्याची फळं ही. तू नगरला एवढ्या मोठ्या वर्कशॉपात लेथवर, भट्टीही तुझ्याच हाताखाली. कुठली सळई घ्यावी ते नीट कारणासकट लिही. मी पत्र जसंच्या तसं श्रीमंतरावांना वाचून दाखवणार हाय.

पुष्पाचा शरिफावहिनींना नमस्कार.

सहादेव


नगर
१४ नोव्हेंबर १९४३

सहादेव, सलाम.

श्रीमंतरावांना सांग, ती सळई घेऊ नका. कारण असं.

थंड ओढलेली सळई म्हणजे लोखंड थंड असतानाच पोलादी साच्याच्या भोकातून जोरानं ओढून काढलेलं. ओढताना त्याचं अंग आवळतं आणि ते कडक होतं. खोटं काही नाही त्यात. बोटाएवढी पिन करायची असेल तर मीही हीच सळई घेईन. पण जाड सळईत तो आवळलेपणा वरच्या सालीत असतो, गाभ्यापर्यंत पुरता पोचत नाही. तुमचा दांडा पावणेतीन इंची. म्हणजे साडेतीन इंची सळईची ती सालच तुम्ही लेथवर उतरवून टाकणार. कडकपणा सगळा भुश्शात जाणार आणि हातात उरणार साधं लोखंड. वर त्यात ढोल पक्का धरणारी चावी, म्हणजे लोखंडी पाचर, बसवायला खाच पाडायची. खाच पाडली की एका बाजूचा ताण सुटतो आणि दांडा केसभर का होईना, वाकतो.

मिश्र पोलादाचं तसं नाही. ते लाल करून तेलात विझवलं की गाभ्यापर्यंत कडक होतं. तेवढ्यावर थांबलं तर काचेसारखं फुटेल, म्हणून पुन्हा मंद तावावर धरून उतरवायचं. मग ते वाकून परत सरळ होतं, तुटत नाही. वीस मणांची मोळी झटक्यानं उचलायची तर दांड्याला हा चिवटपणाच हवा. वेळ लागतो, कोळसा लागतो, नजर लागते. पण खाली माणसं काम करत असतील तर दुसरा विचार नको.

आमच्या राधाकृष्णशेठकडे मिश्र पोलादाची एक सळई तुमच्या मापाची आहे. तुमच्या कचेरीनं लिहिलं तर शेठ काम घेतील. मी स्वतः ताव देईन.

माझं म्हणशील तर, इथं सगळं मिलिटरीचं काम. वटहुकूम निघाल्यापासून परवानगीवाचून काम सोडलं की तुरुंग. अम्मी पाथर्डीला वारली तेव्हाही शेठची चिठ्ठी खिशात घेऊन मयतीला गेलो होतो. शरिफाला दिवस गेलेत. शेठच्याच चाळीत खोली आहे. लेथपासून खोलीपर्यंत दोनशे पावलं, तेवढंच माझं नगर.

कमरुद्दीन


साखर कारखाना वसाहत
२२ नोव्हेंबर १९४३

कमरूभाई,

काम फत्ते. श्रीमंतरावांनी तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं. साल भुश्शात जाणार हे ऐकल्यावर स्वतः स्टोअरात जाऊन सळईवर नख ओढून बघत होते, जसं काही नखाला कळणार. मग म्हणाले, "हा माणूस आपल्याकडं पायजे हुता." कचेरीनं आज तुमच्या शेठना ऑर्डर धाडली. "कमरुद्दीन यांनी स्वतः ताव द्यावा" असं मी त्यात मुद्दाम घालायला लावलंय.

शरिफावहिनींची बातमी ऐकून पुष्पानं साखर वाटली. साखरेच्या कारखान्यात साखर वाटणं म्हणजे विहिरीत घागर ओतणं, पण वाटली.

सहादेव


नगर
१९ डिसेंबर १९४३

सहादेव, सलाम.

दांडा आज मोटारीनं पाठवला. गोणपाटात बांधून वर ग्रीस लावलं आहे.

उशीर झाला, माफ कर. मोळ्या बेतानं बांधा, वीस मणांऐवजी दहा-बाराच्या. झटका देऊन उचलू नका. यारीखाली शक्यतो कुणी उभं राहू नये.

जास्त लिहायला सवड नाही.

कमरुद्दीन


साखर कारखाना वसाहत
२ जानेवारी १९४४

कमरूभाई,

दांडा बसला! पहिली मोळी वर गेली तेव्हा गाडीवानांनी फेटे उडवले. दांड्याच्या टोकाला तुमचा शिक्का बघितला, 'ता.' म्हणजे ताव दिलेला आणि 'क.' म्हणजे तू. श्रीमंतराव हसले. म्हणाले, "ता. क.! पत्रासारखं अजून काहीतरी लिहायचं ऱ्हायलंय वाटतं."

तू लेकीला सासरी धाडल्यासारखं लिहिलंस, हे जपा नि ते जपा. मला हसू आलं. तुझ्या हातचा ताव असल्यावर कसली भीती? आम्ही वीस मणांच्याच मोळ्या बांधतोय, नाहीतर गाड्या संध्याकाळपर्यंत उरकत नाहीत. आणि यारीखाली माणूस लागतोच. मोळी गव्हाणीत टेकली की साखळीचा आकडा सोडायला गोजरबाई असते. तुमच्या पाथर्डीकडचीच, मुंगसासारखी चपळ बाई.

एक गोष्ट मात्र विचारायची. दांडा फिरताना केसभर डुलतो. डाव्या अंगाचं बेरिंग दुपारपर्यंत हाताला चटका देतं. ताव दिलेला दांडा असा डुलेल का? का माझंच बसवणं चुकलं?

सहादेव


नगर
८ जानेवारी १९४४

सहादेव, सलाम.

दांडा ठीक आहे. तुमचं डावं बेरिंग जुन्या दांड्यावर झिजलं असणार. त्याच्याखाली पत्र्याची चकती भर आणि तेल जास्त सोड. डुलणं कमी होईल.

शरिफाची तब्येत बरी. आठवा लागेल.

कमरुद्दीन


साखर कारखाना वसाहत
३ फेब्रुवारी १९४४

कमरूभाई,

तू म्हणालास तशी चकती भरली. डुलणं निम्म्यावर आलं. श्रीमंतरावांना सांगितलं नाही, उगाच माझ्या बसवण्याला नावं ठेवतील. तेल सोडत राहतो. यारी रोज दोनशे मोळ्या उचलतेय.

गोजरबाई लेकीच्या बाळंतपणाला गावी गेलीय, म्हणून पंधरा दिवस आकडा सोडायला पुष्पा उभी राहते. घरात मला म्हणते, "तुमी वर, मी खाली. समदा संसार यारीला टांगलाय." मला वरून तिचं डोकं दिसत राहतं. बरं वाटतं.

तुझं पत्र एवढंएवढं येतं आजकाल. शेठ शाईसुद्धा मोजून देतो का?

सहादेव


नगर
९ फेब्रुवारी १९४४

सहादेव,

हे पत्र वाचलंस की पहिल्यांदा यारी बंद कर. पुढचं नंतर वाच.

त्या दांड्याला मी ताव दिलेला नाही. ते मिश्र पोलादही नाही. तुमच्या स्टोअरात होती तशीच थंड ओढलेली सळई आहे, साल उतरवलेली. जे तुला करू नको म्हणून लिहिलं तेच मी माझ्या हातानं केलं.

तुमची ऑर्डर आली तेव्हा मिश्र पोलादाची सळई खरोखरच होती. मी ती बाजूला ठेवून तिच्यावर खडूनं 'राहाता' लिहिलं होतं. आठ दिवसांत मिलिटरीच्या पिनांची घाई आली आणि शेठनी तीच सळई तोडायला लावली. मी शेठना म्हटलं, "राहात्याला कळवू, थांबायला सांगू." शेठ म्हणाले, "गळितात कोण थांबतं? ती दुसरी सळई घे." मी म्हटलं, "तिला ताव देऊन उपयोग नाही, ती त्या जातीची नाही." शेठ म्हणाले, "ताव द्यायचाच कुठं आहे? कोळसा मिलिटरीच्या कामापुरता मिळतो. शिक्का मार आणि पाठव."

मी दुपारपर्यंत लेथला हात लावला नाही. दुपारी शेठ जवळ येऊन अगदी हळू बोलले. "कमरुद्दीन, तू कामाला नाही म्हणतोस असं मी वर कळवलं तर वटहुकूम काय म्हणतो ते तुला माहीत आहे. आणि खोली कारखान्याची आहे. बायको पोटुशी आहे ना?" रागावून बोलले असते तर कदाचित मी उलटून बोललो असतो.

शिक्का मीच मारला. तू डुलण्याचं विचारलंस तेव्हाही खोटं लिहिलं. डुलतो कारण खाच पाडल्यावर तो वाकला आहे. तू चकती भरलीस तेव्हा वाकलेला दांडा सरळ धरून ठेवलास. आता तो दर फेऱ्याला आत पिळतो आहे. एक दिवस खाचेच्या कोपऱ्यातून जाईल.

पुष्पावहिनींना तिथून आजच हलव. श्रीमंतरावांना काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

कमरुद्दीन


साखर कारखाना वसाहत
१७ फेब्रुवारी १९४४

कमरू,

दांडा सोमवारी तुटला. तुझं पत्र मंगळवारी आलं.

सोमवारी सकाळी दहाचा सुमार. मोळी गव्हाणीवर आली होती, पुरुषभर उंचीवर. मोठा आवाजही झाला नाही, ओली फांदी मोडावी एवढाच. मग साखळी सुटल्याचा खडखडाट. खाली पुष्पा नव्हती. गोजरबाई शुक्रवारीच गावाहून परत आली होती. नातवाचा पेढा तिनं सकाळी मला वर आणून दिला होता.

मोळी तिच्या डाव्या पायावर पडली. आम्ही आठ जणांनी ऊस उपसला तेव्हा ती शुद्धीवर होती. ओरडत नव्हती. "माजी चप्पल कुटं गेली," एवढंच विचारत होती. डॉक्टरनं गुडघ्याखाली पाय कापला. जगेल म्हणतात.

श्रीमंतरावांनी बेरिंग उघडलं आणि पत्र्याची चकती काढून सगळ्यांसमोर धरली. "ही कुनी घातली? कुनाला इचारून?" मी म्हणालो, मी घातली. मला कामावरून घरी बसवलंय. पुण्याहून सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला येईपर्यंत वसाहतीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, असा लेखी हुकूम दिलाय. फाटकावरच्या पहारेकऱ्याला माझं तोंड दाखवून ठेवलंय.

तुझं पत्र पोस्टमननं कचेरीसमोरच हातात दिलं. मी उभ्याउभ्या वाचलं. वर तारीख नऊ. पाकिटावर नगरच्या पोस्टाचा शिक्का बारा. नऊला टाकलं असतंस तर शनिवारपर्यंत मिळालं असतं.

हे तीन दिवस कुठं होते, कमरू?

सहादेव


नगर
२० फेब्रुवारी १९४४

सहादेव,

पत्र तीन दिवस माझ्या खिशात होतं.

पहिल्या दिवशी पोस्टापर्यंत गेलो आणि परत आलो. पत्र दुसऱ्या कुणी फोडलं तर, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी शरिफाला कळा आल्यासारखं झालं, म्हणून नाही गेलो. त्या खोट्या कळा होत्या, अर्ध्या तासात थांबल्या. तिसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. तरी गेलो नाही. इतके दिवस चाललाय तो अजून चार दिवस चालेल, असं मी स्वतःला सांगत होतो. लेथवर उभा होतो आणि खिशात कागद वाजत होता.

ते पत्र इन्स्पेक्टरला दाखव. उशीर करू नकोस. चकती तू माझ्या सांगण्यावरून भरलीस. माझं आठ जानेवारीचं पत्रही दाखव.

गोजरबाईची खबर कळव.

कमरुद्दीन


साखर कारखाना वसाहत
२६ फेब्रुवारी १९४४

कमरू,

इन्स्पेक्टर आठ मार्चला येणार. पत्र मी दाखवलेलं नाही. ट्रंकेत तळाशी ठेवलंय.

तुला वाचवतोय असं समजू नकोस. मी रोज सकाळी ठरवतो की दाखवायचं. मग शरिफावहिनी डोळ्यासमोर येतात, दिवस भरलेल्या, त्या चाळीतून बाहेर काढलेल्या. पत्र दाखवलं तर तुझं घर बुडवलं, नाही दाखवलं तर माझं. दोन्हीकडून दार मलाच लावायचंय. दिवसभर खोलीत बसून असतो. यारी बंद हाय, पण कान तिच्याकडंच लागलेला.

पुष्पा काल पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "तुमी गप ऱ्हायला म्हून त्या बाईचा पाय परत उगवनार हाय व्हय?" मी म्हणालो, "बोललो तरी उगवणार नाही." तर म्हणाली, "न्हाई उगवनार. पर पाय कशानं गेला ते तिला कळंल तरी. ती म्हनतीया, माज्याच हातून आकडा नीट बसला नसंल."

कमरू, ती बाई स्वतःला दोष देतेय.

सहादेव


नगर
१ मार्च १९४४

सहादेव,

तू काही दाखवू नकोस. मी येतो.

आज शेठकडे चार दिवसांची परवानगी मागितली. त्यांना राहात्याची बातमी कळलेली आहे. म्हणाले, "तिकडं त्यांचा फिटर दोषी ठरतोय. तू कशाला मध्ये पडतोस? परवानगी नाही." मी लेथ पुसून ठेवला आणि चावी त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "फाटकाबाहेर गेलास की मी पोलिसांना कळवणार." मी म्हटलं, "आठ तारखेनंतर कळवा, मी राहात्याला सापडेन." ते हसले नाहीत.

तुमच्या दांड्याचं उरलेलं टोक मी डिसेंबरात भंगारातून उचलून ठेवलं होतं, वीतभर आहे. का ठेवलं ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. ते घेऊन येतो. शरिफाला तिच्या बहिणीकडे शमशादकडे सोडलं आहे.

कमरुद्दीन


साखर कारखाना वसाहत
१८ जून १९४४

कमरुद्दीन यास, विसापूर तुरुंग.

तुला पत्र लिहायला परवानगी मिळायला तीन महिने गेले. त्या दिवशी चौकशीतून पोलिसांनी तुला सरळ मोटारीत घातलं, बोलायलाही मिळालं नाही. म्हणून आधी त्या दिवसाचं लिहितो.

मी बाकावर बसलो होतो. तू आत आलास आणि इन्स्पेक्टरच्या टेबलावर दोन तुकडे ठेवलेस, एक तुझ्या पिशवीतला आणि एक ताव दिलेल्या पिनेचा. दोन्हींवर कानस मारून दाखवलीस. पिनेवरून ती घसरली. दुसऱ्या तुकड्यात अशी रुतली की टेबलावर भुकटी पडली. मग आमच्या तुटलेल्या दांड्यावर मारलीस, तिथंही तशीच भुकटी. साहेबानं विचारलं, "मग यावर ताव दिल्याचा शिक्का कुणाचा?" तू म्हणालास, "माझा." श्रीमंतरावांनी मान खाली घातली. मी तुझ्याकडं बघत होतो, तू माझ्याकडं बघितलं नाहीस.

मी सुटलो. तुझी सजा कळली, काम सोडल्याबद्दल तीन महिने आणि खोट्या शिक्क्याबद्दल सहा. तुझ्या शेठनी लिहून दिलं की कारागिरानं परस्पर सळई बदलली, त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांना ताकीद मिळाली. वर्कशॉप चालू हाय.

आता घरचं. शमशादबाईंच्या घरी आधीच सात माणसं. मार्चअखेर पुष्पा नगरला गेली आणि शरिफावहिनींना व दहा दिवसांच्या मुलीला घेऊनच आली. नाव सुरय्या ठेवलंय, ते तुला कळलं असेलच. आमच्या शेजारच्या खोलीत गोजरबाई राहते. कारखान्यानं तिला कामावरच्या बायांची पोरं सांभाळायचं काम दिलंय, बसून करता येतं म्हणून. सुरय्याही तिच्याकडंच असते. रोज सकाळी एक पाय पसरून तिला मांडीवर घेते आणि तेल लावते. शरिफावहिनींना पहिले दिवस ते बघवत नव्हतं.

गोजरबाईला सगळं सांगितलं होतं, पत्रांसकट. मागच्या आठवड्यात सुरय्याला तेल लावता लावता ती मला म्हणाली, "सहादेवा, तुज्या दोस्ताला येक इचार. मी रोज हितं उबी ऱ्हाती हे त्याला ठाव हुतं. तवा त्यानं लिवलं न्हाई. तुजी पुष्पा उबी ऱ्हायली तवा लिवलं. ती उबी ऱ्हायली नसती, तर त्यानं लिवलं असतं का?"

मी म्हणालो, लिहिलं असतं. ती म्हणाली, "तुला न्हाई इचारलं."

म्हणून विचारतो.

सहादेव


विसापूर तुरुंग
२ जुलै १९४४

सहादेव,

हे पत्र गोजरबाईंना शरिफासमोर वाचून दाखव. तू शब्द मऊ करशील, मला ठाऊक आहे. करू नकोस.

गोजरबाई, नाही. लिहिलं नसतं.

तुम्ही यारीखाली असता हे सहादेवनं मला जानेवारीतच लिहिलं होतं, तुमच्या नावानिशी. ते वाचून मी बेरिंगखाली चकती भरायला सांगितली. तेव्हा तुम्ही माझ्यासाठी पत्रातलं एक नाव होता. पुष्पावहिनींच्या हातचं मी जेवलो आहे. एवढ्याच कारणानं लिहिलं, आणि तेही तीन दिवस उशिरा. त्या तीन दिवसांत तुम्ही गावाहून परत आलात, हे मला इथं आल्यावर उमगलं.

शेठनी अडकवलं, वटहुकूम होता, हे सगळं खरं आहे. पण जानेवारीतलं ते पत्र लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या वेळी शेठ खोलीतसुद्धा नव्हते.

सुरय्याला सांभाळायचं तुमच्यावर बंधन नाही. शरिफा काही म्हणणार नाही.

कमरुद्दीन


साखर कारखाना वसाहत
१९ जुलै १९४४

कमरू,

पत्र शब्द न बदलता वाचलं. शरिफावहिनी दाराशी बसल्या होत्या. गोजरबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला वाटलंच हुतं." मग थोड्या वेळानं, "खरं बोलला." सुरय्या तिच्या मांडीवर झोपली होती. तिनं तिला उचलून वहिनींच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती मुलीला घेत नाही. बाकीची पोरं सांभाळते. वहिनी रोज सकाळी तेलाची वाटी घेऊन तिच्या दारापर्यंत जातात, क्षणभर उभ्या राहतात आणि परत येतात. मी म्हणालो, "वहिनी, जाऊ नका." म्हणाल्या, "जाना तो पडेगाच, भाई." आज आठवा दिवस.

मला कामावर परत घेतलंय. यारी बंद होती म्हणून यंदा गळीत पावसाळ्यापर्यंत लांबलंय. यारीला नवा दांडा पुण्याहून आलाय, ताव दिलेला. बसवण्याआधी मी स्वतः कानस मारून बघितली. श्रीमंतरावांनीही बघितली. तरी पहिल्या दिवशी आकडा सोडायला कुणी बाई तयार होईना. शेवटी मीच खाली उभा राहिलो. दिवसभर मान वर करून मोळ्या बघत होतो.

काल सुरय्याला खोकला झाला. मधली भिंत कुडाची, पलीकडं सगळं ऐकू जातं. सकाळी वहिनी वाटी घेऊन निघाल्या, तर त्या दारात पोचायच्या आतच गोजरबाईनं आतून विचारलं, "पोरीला वव्याचा शेक दिला का न्हाई?" वहिनी म्हणाल्या, नाही. "मंग उबी काय ऱ्हायलीस? जा, दे."

एवढंच बोलली. मुलीला तिनं अजून हातात घेतलेलं नाही.

सहादेव